फुली मारलेलं घर

उद्धवराव वैरागकरांनी घर विकायचं ठरवलं, इथपर्यंत काहीच बिघडलं नव्हतं. ते खरं सांगून विकायचं ठरवलं आणि तिथून पुढे सगळं बिघडत गेलं.

मुळात उद्धवराव हा एका जागी ठरणारा माणूस नव्हे. जेवता जेवता ते मध्येच उठून दाराची कडी बघून येत. गाडीत बसायला जागा मिळाली की त्यांना दारात उभं राहावंसं वाटे, आणि दारात उभं राहिलं की आपली जागा कोणी बळकावली की काय म्हणून जीव खालीवर होई. अशा माणसाला सरकारने देहूरोडच्या लष्करी डेपोत हेडक्लार्क करून एका खुर्चीत बसवलं होतं. (सरकारला माणसाची पारख नसते, असं त्यांच्या पत्नी यशोदाबाई म्हणत. आपल्या वडिलांनाही नव्हती, हे पुढे जोडायला त्या विसरत नसत.)

उद्धवरावांचं खातं कंडेम मालाचं. लढाईच्या वेळच्या मोडक्या जीपगाड्या, गंजलेल्या खाटा, फाटके तंबू तपासायचे, निकामी ठरलेल्या नगावर पांढऱ्या रंगाने भलीमोठी फुली मारायची आणि तो लिलावाला काढायचा. लिलावाची अट एकच. जसं आहे, जिथं आहे. घेणाऱ्याने मागाहून कुरकुर करायची नाही आणि देणाऱ्याने त्यातला एक बोल्टसुद्धा काढून ठेवायचा नाही. ही अट उद्धवराव इतक्या भक्तिभावाने म्हणत, की ऐकणाऱ्याचे हात नकळत जोडले जात. घरीही त्यांनी जगातल्या वस्तूंचे तीन वर्ग पाडले होते. चालू, दुरुस्तीलायक आणि कंडेम. छत्री दुरुस्तीलायक. शेजारचा रेडिओ कंडेम. एकदा यशोदाबाईंच्या हातून भाकरी करपली, तेव्हा तिला दुरुस्तीलायक ठरवून त्यांनी ती निमूट खाल्ली होती. हे मात्र यशोदाबाईंच्या लक्षात राहिलं होतं.

आता घराविषयी. चिंचवड गावठाणातलं हे घर उद्धवरावांनी लढाईच्या दिवसांत घेतलं, कारण ते स्वस्त होतं. ते स्वस्त का होतं, हे पुढे हळूहळू कळत गेलं. मागच्या भिंतीचं पोट सुटलेलं होतं. मोरीचं पाणी बाहेर जाण्याऐवजी स्वयंपाकघरात यायला बघे. पुढचं दार गुडघा मारल्याशिवाय उघडत नसे. आणि माजघराची तुळई खचल्यामुळे खोलीच्या बरोबर मध्ये एक जाडजूड टेकू उभा केलेला होता. त्या टेकूला कंदील टांगलेला असे, पिशव्या अडकवलेल्या असत, आणि रोज सकाळी बूट चढवताना उद्धवराव त्यालाच पाठ लावून उभे राहत. घरात बसायला खुर्ची नव्हती असं नाही, पण बसायचं कोणाला होतं?

एवढी वर्षं त्यात निघाली. पण त्या साली डेपोतल्या क्वार्टरच्या यादीत उद्धवरावांचा नंबर लागला. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर आणि घरात नळ. यशोदाबाई एकदा क्वार्टर बघायला गेल्या होत्या. खोल्यांकडे त्यांनी लक्षच दिलं नाही. मोरीत जाऊन नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. लग्न होऊन चिंचवडला आल्यापासून त्या नदीवरून पाणी आणत होत्या. खांद्याला घट्टे पडले होते. पाण्याखाली त्यांनी नुसता हात धरला आणि बराच वेळ काढला नाही. उद्धवरावांना ते बघून कसंतरी झालं आणि ते उगाच खिडकीची कडी तपासायला गेले.

पण क्वार्टरला एक अट होती. जवळपास ज्याचं स्वतःचं घर असेल त्याला क्वार्टर नाही. घर विकल्याचा कागद महिनाअखेरीच्या आत झाला पाहिजे, नाहीतर क्वार्टर पुढच्या नंबराला. पुढचा नंबर अकाउंट्सच्या सोपानरावांचा होता आणि त्यांची बायको पडद्यांसाठी खिडक्यांची मापं घेऊन गेली होती.

"भिंत लिंपून घेऊ," यशोदाबाई म्हणाल्या. "टेकूला फुलांची माळ गुंडाळू. लोकांना वाटेल, हौसेने उभा केलाय. गिऱ्हाइकाला भिंतीकडे पाठ करून बसवायचं आणि चहा द्यायचा."

"म्हणजे माल झाकून विकायचा?" उद्धवराव उभेच राहिले. (ते बसलेले नव्हतेच, पण आणखी उभे राहिले.) "उभ्या नोकरीत मी एकही नग झाकून विकलेला नाही. घर जाईल ते जसं आहे, जिथं आहे."

"जाईल तेव्हा ना," यशोदाबाई म्हणाल्या आणि कळशी उचलून नदीवर गेल्या.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे पिंपरीच्या एका कारखान्यातला फिटर. बिचारा रात्रपाळी करून थेट आला होता. उद्धवरावांनी त्याला दारातच थांबवून दाराचा दोष सांगितला. मग मोरी दाखवली. मग मागे नेऊन भिंतीला हात लावायला लावला. मग माजघरात टेकूखाली उभं करून तुळई कशी खचली, अजून किती खचेल आणि खचली तर आधी कोणाच्या डोक्यावर येईल, हे समजावलं. फिटरने वर बघितलं, डोक्यावरची टोपी नीट केली आणि बायकोला घेऊन येतो असं सांगून गेला. तो बहुधा अजून बायकोलाच शोधत असावा.

यशोदाबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. बोलल्या नाहीत म्हणजे भांड्यांशी बोलल्या.

"माझं चुकलं," तिसऱ्या दिवशी उद्धवराव म्हणाले. यशोदाबाईंचा चेहरा उजळला. "तोंडाने सांगायला नको होतं. माणूस घाबरतो. डेपोत आम्ही तोंडाने कुठे सांगतो? खूण करून ठेवतो. ज्याने त्याने बघावं आणि घ्यावं."

रविवारी ते स्टेशनाजवळच्या दुकानातून पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा घेऊन आले. डेपोतला रंग त्यांना फुकट मिळाला असता, पण सरकारचा खिळासुद्धा घरी आणायचा नाही हा त्यांचा नेम. शिवाय डेपोचा रंग भिकार, एका धुण्यात उडणारा, अशी त्यांची जुनी तक्रार होती. त्यांनी दुकानदाराकडून सगळ्यांत टिकाऊ रंग मागून घेतला. विलायती होता. दुकानदार म्हणाला, घर पडेल पण रंग जाणार नाही. उद्धवरावांना हे फार पटलं.

दुपारपर्यंत घरभर फुल्या झाल्या. पुढच्या दारावर एक. भिंतीवर तीन. मोरीवर दोन. पायरीवर, खिडकीवर, जिथं दोष तिथं फुली. काम संपवून उद्धवराव रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले आणि घराकडे पाहू लागले. एवढं सरळ, प्रामाणिक घर उभ्या चिंचवडात दुसरं नव्हतं.

रस्त्याच्या पलीकडे गोजाबाई राहत. वय सत्तरीच्या घरात, नजर मात्र शाबूत. त्या दारात तांदूळ निवडत होत्या. दारावरची फुली बघून त्यांचा हात थांबला. गोजाबाई लहान होत्या तेव्हा प्लेगाच्या साली गोरे सोल्जर घरोघर तपासायला येत आणि ज्या घरात रोगी सापडे त्याच्या दारावर खूण करून जात. त्यांचं माहेरचं आख्खं घर तेव्हा शेतातल्या झोपडीत राहायला गेलं होतं. त्यांनी सूप तसंच ठेवलं आणि उंबऱ्यावरूनच विचारलं,

"उद्धवा, ह्ये काय रं बाबा? सरकारी खूण हाय का?"

"सरकारीच," उद्धवराव अभिमानाने म्हणाले. "अगदी नियमाप्रमाणे."

"आन् आत किती हायेत?"

"बघा, मोरीत दोन, भिंतीला तीन, खिडकीत एक. सगळे मोजून काढलेत. लपवाछपवी नाही."

"आगं बाई," गोजाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

संध्याकाळपर्यंत आळीतून एक माणूस जाईना. दूधवाल्या गवळ्याने दूध आळीच्या तोंडाशीच ठेवलं आणि लांबून हाक मारली. एका घराने बैलगाडी जुंपून मळ्यात मुक्काम हलवला. सोमवारी दुसरं गिऱ्हाईक येणार होतं. ते आळीच्या तोंडापर्यंत आलं, तिथे गोजाबाईंनी त्याला काही सांगितलं, आणि ते धोतराचा सोगा हातात धरून स्टेशनकडे पळालं. यशोदाबाई पाणी घेऊन येत होत्या. त्यांनी सगळं पाहिलं.

"मोरीत दोन मेलेत म्हणे आपल्या," त्या घरात येऊन म्हणाल्या.

"कोण मेलेत?"

"ते नाही सांगितलं." कळशी उतरवताना त्यांचा खांदा दुखत होता आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. "एवढं सांगा, मला तो नळ मिळणार आहे का नाही? नसेल मिळणार तर तसं सांगा. मी मनाची तयारी करते."

उद्धवरावांनी दाराची कडी बघून घेतली. ते घरभर फिरले. गोजाबाईंकडे जाऊन त्यांनी खुलासा केला, तो बाईंनी दार न उघडताच ऐकला आणि विश्वास ठेवला नाही. महिना संपायला दोनच दिवस उरले होते.

आणि मंगळवारी अचानक निरोप आला. कासारवाडीच्या लालमहंमदचा. लालमहंमद म्हणजे भंगाराचा मोठा व्यापारी. डेपोच्या प्रत्येक लिलावाला पुढच्या रांगेत. बाहेरून धड दिसणाऱ्या किती जीपगाड्या त्याने घेतल्या आणि आत इंजिनच नाही बघून उद्धवरावांच्या टेबलाशी येऊन भांडला, आणि प्रत्येक वेळी उद्धवरावांनी त्याला ती अट म्हणून दाखवली. चिंचवडात उद्धवरावांच्या घरावर प्लेगाची पांढरी फुली आहे, हे त्याच्या गोदामापर्यंत पोचलं, तेव्हा तो एकटाच हसला. ती फुली त्याच्या ओळखीची होती. लेक शमीमसाठी त्याला इकडे घर पाहिजेच होतं, जावई ट्रकवर ड्रायव्हर. बुधवारी दिवस मावळायच्या आत येतो, पटलं तर तिथंच इसार देतो, असा त्याचा निरोप होता.

बुधवार म्हणजे महिन्याचा शेवटचा दिवस. गुरुवारी सकाळी क्वार्टर सोपानरावांची.

बुधवारी पहाटेपासून उद्धवरावांच्या पायाला भिंगरी लागली. त्यांनी सगळ्या फुल्या तपासल्या. आणि ऑफिसला निघता निघता त्यांच्या ध्यानात आलं, की माजघरातल्या टेकूवरच फुली नाही. सगळ्यांत मोठा दोष, आणि खुणेवाचून. यशोदाबाई नदीवर गेल्या होत्या. उद्धवरावांनी घाईघाईने डबा उघडला, टेकूवर छातीएवढ्या उंचीला झोकात फुली मारली, डबा बंद केला, काळा अल्पाकाचा कोट चढवला आणि नेहमीसारखे टेकूला टेकून बूट घालून बाहेर पडले.

त्या दिवशी जगाचं वागणं जरा निराळंच होतं. गाडीत आळीतले दोघे बसले होते, ते उद्धवराव शिरताच उठून पलीकडच्या डब्यात गेले. एकाने तर "वाढतंय, वाढतंय" असंही म्हटलं. ऑफिसात दोन कारकून एकमेकांना कोपरखळ्या मारत होते. शिपाई भैरू चहा ठेवायला आला तो मागेच उभा राहिला.

"साहेब, तुमचा कोट..."

"कोट जुना झालाय, मला दिसतं," उद्धवराव घड्याळाकडे बघत म्हणाले. "घर विकू दे, नवा शिवीन. आज कोणी मला काही सांगायचं नाही. आधीच डोकं ठिकाणावर नाही."

भैरूने सांगितलं नाही. (हुकुमाचा ताबेदार.)

संध्याकाळी सुटी होताच उद्धवराव गेटकडे धावले. गाडी चुकली तर पुढची रात्रीच. गेटवर हवालदार ज्योतीराम होता. साताऱ्याकडचा, मिशाळ आणि कधीही न हसणारा. त्याने उद्धवरावांना पुढून पाहिलं, मग सावकाश मागे फिरून पाहिलं आणि पुढे येऊन हात आडवा केला.

"पास?"

"कसला पास?"

"कंडेम माल गेटपासबिगर बाहेर सोडू नये, अशी आर्डर हाय. तुमच्याच सहीची."

"अहो, माझ्याकडे कसला माल आलाय? मी रिकामा आहे."

"त्ये दिसतंयच," ज्योतीराम म्हणाला.

उद्धवरावांनी पिशवी उलटी केली. जेवणाचा डबा उघडून दाखवला. खिसे बाहेर काढले. सरकारचा खिळाही घरी न नेणाऱ्या माणसावर ही वेळ यावी! "हवालदार, बायकोने मला एक गोष्ट मागितली आहे हो. बारा गावचं पाणी प्यायलेला व्यापारी दारात बसला असेल. मला सोडा."

तेवढ्यात गाडीची शिटी झाली आणि गाडी गेली. ज्योतीरामलाही वाईट वाटलं असावं. थट्टा इतकी लांबेल असं त्याच्याही मनात नव्हतं. त्याने पुण्याच्या रस्त्याने जाणारा चाकणच्या कांद्याचा एक ट्रक थांबवला आणि उद्धवरावांना वर चढवलं. "सोडतो आज बिनपासाचा," तो खालून म्हणाला. "पर उद्या परत आणून जमा करा."

काय जमा करायचं ते उद्धवरावांना कळलं नाही. चिंचवड येईपर्यंत ते कांद्यांच्या पोत्यांवर बसले, उठले, बसले आणि घरात शिरले ते घळाघळा पाणी गाळणारे डोळे घेऊनच.

आत लालमहंमद टेकूपाशी चहा पीत बसला होता. यशोदाबाई स्वयंपाकघराच्या दारात, पदर सावरून उभ्या. उद्धवरावांची मुद्रा बघून लालमहंमद कप ठेवून उठला.

"रडू नका साहेब. घराची माया असतेच. पण चांगल्या हातात चाललंय."

"मी रडत नाही, कांदा आहे," उद्धवराव म्हणाले. "आणि चाललंय म्हणजे? अजून तुम्ही तुळई बघितली नाही. मागची भिंत..."

"वैनींनी सगळं दावलं. दार गुडघा मारला की उघडतं, पण चोराला ते ठाव नसतं. भिंतीचं पोट आलं तेव्हापास्नं तेवढंच हाय. मोरीत एक फरशी तिरपी टाकली की पाणी बाहेर. इसार दिला, कागद पण लिवला, तुमची सही तेवढी ऱ्हायली. डेपोतनं इतका माल घेतला, पर काय बिघडलंय आन् त्याला कसं वागवायचं, ह्ये कोणी सांगितलं नव्हतं."

म्हणजे घर विकलं गेलं होतं. नळ मिळाला होता. उद्धवरावांनी यशोदाबाईंकडे पाहिलं. त्या खाली मान घालून हसत होत्या. कुठल्याही शहाण्या माणसाने इथे हात जोडून गप्प बसायचं. पण नियमाचा माणूस तो. अट म्हटल्याशिवाय व्यवहार पुरा झाला असं त्यांना वाटेना.

"लालमहंमद, सही करतो, पण तोंडाने सांगणंही माझं काम आहे. जसं आहे, जिथं आहे. ज्याच्यावर ज्याच्यावर फुली, ते सगळं आजपासून तुमचं. मागाहून तक्रार चालणार नाही."

"फुलीवालं सगळं?"

"सगळं. एकही नग मागे ठेवायचा नाही," असं बजावून, घसा कोरडा पडला म्हणून उद्धवराव पाणी प्यायला माठाकडे वळले.

काळ्या कोटाच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, टेकूवरची ठसठशीत पांढरी फुली उमटली होती. लालमहंमदने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि पुन्हा घातली.

"वैनी," तो गंभीरपणे म्हणाला, "नियम म्हंजी नियम. पर ह्यो एक नग मी न्हेऊन काय करू? ठेवायला जागा न्हाई, आन् एका जागी ऱ्हाईल असा पण दिसत न्हाई."

यशोदाबाईंनी पाठीकडे पाहिलं. मग तोंडावर पदर दाबला, पण उपयोग झाला नाही. कितीतरी दिवसांनी त्या पोटभर हसल्या.

"तो राहू द्या भाऊ," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "त्याचा वर्ग चुकलाय. कंडेम नाही तो, दुरुस्तीलायक आहे. मी वागवीन."

"कुठला नग?" उद्धवराव पेला हातात घेऊन गर्रकन वळले. "असं मोघम नको. नग दाखवा, मी त्याची फुली पुसून देतो."

पुढच्या आठवड्यात मंडळी क्वार्टरात राहायला आली. यशोदाबाईंनी आधी नळाला हळदीकुंकू वाहिलं, मग नळ पूर्ण सोडला आणि पहिल्या पाण्यात तो कोट धुवायला घेतला. साबण झाला, सोडा झाला, रॉकेल झालं. फुली जशीच्या तशी. उद्धवराव मोरीच्या दारात येरझारा घालत होते.

"डेपोचा रंग असता तर एव्हाना उडाला असता," ते म्हणाले.

"हो ना," यशोदाबाई कोट पिळत म्हणाल्या. "जन्मात एक वस्तू तुम्ही पारखून आणलीत."